सुटी

हिंगणा टी-पॉइंटच्या पुढं, ट्रान्स्फॉर्मरला पाठ लावून
माझा ठेला. बारापात्रे पान सेंटर.
खांबाला दोरीनं बांधलेला लायटर लोंबतो,
कारण मोकळा ठेवला की दुसऱ्या दिवशी नसतो.
पाकीट कोणी मागत नाही इथं.
सगळे म्हणतात, सुटी द्या.

लोमेश आणि टिकेश एकाच दिवशी कामाला लागले
समोर, स्प्रिंगच्या कारखान्यात.
मे महिना, शेचाळीस डिग्री,
दोघांच्या डोक्याला एकसारखे पांढरे दुपट्टे.
पहिली सिगारेट त्यांनी विकत घेतली नाही.
पहिली कोणीच घेत नाही, ती कोणीतरी पुढं करतो.
चार्जहँड भोंगाडेनं केली: "घे बे, मरत नाही."
दोघंही खोकलले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी.
सगळे हसले.
मीही हसलो, ते लपवत नाही.

लोक म्हणतात, चटक लागते.
चटक खर्ऱ्याचीही लागते, चटक उधारीचीही लागते.
पण वीस वर्षं ह्या फळीमागं बसून पाहून राहिलो,
धूर आवडला म्हणून परत आलेला पोरगा
मला अजून भेटायचा आहे.

आत मशीन सोडायची मुभा नाही.
लघवीला गेलं तरी सुपरवायझर घड्याळ बघतो.
पण "एक मारून येतो" म्हटलं की मान हलते,
कारण तोही मारूनच आलेला असतो.
जो ओढत नाही
त्यानं कोणतं कारण सांगून आभाळ पाहावं?
लोमेशनं पाच मिनिटं विकत घेतली.
अठरा रुपये, मी सांगितले.
बाकीचं तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

आधी पगाराच्या दिवशी.
मग नाइटला, डोळा लागतो म्हणून.
मग एका संध्याकाळी काटोलहून फोन आला,
बहिणीचं जमलेलं मोडलं.
दोन ओढल्या त्यानं, एकीवर एक,
ट्रान्स्फॉर्मरकडं तोंड करून.
तोवर म्हणायचा, "मी कुठं ओढतो काका,
असंच, यांच्यासोबत."
त्या संध्याकाळी सोबत कोणी नव्हतं.

टिकेश?
टिकेशला नाही लागली. का, ते मला विचारू नका.
बापाला दमा होता म्हणावं, तर लोमेशच्याही होता.
तो यायचा, लिमलेटची गोळी घ्यायचा,
धुरात उभा राहून ती चघळायचा.
लोक हसायचे. तो हसू द्यायचा.
एवढंच वेगळं दिसलं मला.
पुढं बुटीबोरीला गेला. तिकडचं मला माहीत नाही.

लोमेशची तारीख मात्र मला ठाऊक आहे.
ऑक्टोबरातली दुसरी शिफ्ट सुटली, लाइट गेलेले.
तो रस्ता ओलांडत होता, तोंड उघडलं नव्हतं अजून,
आणि माझ्या हातानं
पाकिटातून एक काढून फळीवर ठेवली.
तो थबकला.
मग जरासा खूश झाला,
न सांगता कोणी आपलं ओळखावं
असं त्याच्याबाबतीत कुठं होत होतं?
खोलीवर चौघं राहतात, एकाला त्याचं आडनाव येत नाही.
अंधारात त्याचा हात
बरोबर दोरीवर पडला.

एकदा म्हणालो, संपली रे.
"बरं," म्हणाला, पुढच्या ठेल्यावर गेला.
दुसऱ्या दिवशी मलाच विचारतो,
"तब्येत बरी आहे ना काका? माल नाही भरला काल?"

आता शिफ्टमागं चार.
म्हणालो, पाकीटच घेऊन जा ना, चार चकरा कायले मारतं?
हसला. पिवळट दात, अजून पोरगंच दिसते हसताना.
"नाही काका, पाकीट घेतलं तं
सवय लागते."

मी एक काढून दिली.
सुटे नव्हते, दोन रुपयाची लिमलेट दिली सोबत.
गोळी फळीवरच राहिली.